वळवाच्या वाऱ्याआधी: गच्चीवरचं शेड, जाळी आणि टाकी कशी सांभाळावी

सोलापुरात मार्च लागला की निम्मं घर गच्चीवर येतं. सकाळी कुरडया-सांडगे वाळत असतात, संध्याकाळी खुर्च्या निघतात, रात्री गाद्या पडतात. दुपारच्या उन्हासाठी कुणी पत्र्याचं शेड उभं करतं, कुणी हिरवी जाळी ताणतं. वळीव येतो तोही याच दिवसांत. जूनपासूनच्या पावसाळ्यात पत्रे उडाल्याच्या बातम्या तुलनेनं कमी असतात, एप्रिल-मेमध्ये मात्र एका संध्याकाळी अख्ख्या पेठेतले पत्रे रस्त्यावर येतात. दोन्ही वाऱ्यांची जातच वेगळी आहे, त्यामुळे तयारीही वेगळी लागते.

मान्सूनचा वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, तासन्‌तास सारखा वाहतो आणि हळूहळू वाढतो. वळवाचं तसं नाही. दिवसभर ४०-४२ अंशांत तापलेल्या जमिनीवर ढग उंच चढतो. त्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकायला लागतो. सुकताना तो हवा गार करतो, गार हवा जड होते आणि ढगाखालून धाडकन जमिनीवर आदळून चहूबाजूंनी पसरते. पाऊस यायच्या आधी धूळ उडवत येणारा गार झोत तो हाच. खालची हवा जितकी कोरडी तितकी ही घसरण जोरकस, आणि आपल्याकडे मे महिन्यात कोरडेपणाची कमतरता नसते. झोत दहा-पंधरा मिनिटं टिकतो आणि ढग ज्या बाजूला असेल तिकडून येतो. म्हणून “वारा नेहमी विजापूर रोडच्या बाजूनं येतो, तीच बाजू बांधली” या हिशेबाला वळवात अर्थ नाही.

शेड पडत नाही, उचललं जातं

बहुतेक शेडं वजन पेलण्याच्या हिशेबानं बांधलेली असतात: पत्रा खाली येऊ नये, माणूस चढला तर वाकू नये. वादळात जोर उलट्या दिशेला लागतो. पत्र्यावरून वेगानं जाणारा वारा वर ओढ निर्माण करतो, शेडखाली शिरलेला वारा खालून ढकलतो.

किती जोर? वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. दर चौरस मीटरला किती न्यूटन दाब येतो ते मिळतं; साधारण दहा न्यूटन म्हणजे एक किलोचा जोर. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात हाच सूत्राचा गाभा आहे. चारही बाजूंनी उघड्या शेडवर ओढ साधारण या दाबाइतकी धरू.

आता १० बाय १२ फुटांचं शेड घ्या. ताशी ६० किमी वाऱ्यात त्यावर वरच्या दिशेनं सुमारे १९० किलोची ओढ येते. ताशी ९० किमीला ती ४२५ किलोच्या आसपास जाते. शेडचं स्वतःचं वजन किती? अर्ध्या मिमीचा पत्रा ५०-५५ किलो आणि दोन इंची पाइपांचा सांगाडा शंभरेक किलो, म्हणजे सगळं मिळून दीडशे. ६० च्या वाऱ्यात हे वजन आणि थोडीशी पकड यांवर शेड टिकून जातं, ९० च्या वाऱ्यात २७० किलो ओढ शिल्लक उरते. “पाच वर्षं काही झालं नाही” असं ज्या शेडबद्दल सांगतात, ते बहुतेक वेळा पाच वर्षं फक्त स्वतःच्या वजनावर उभं असतं. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोन पट होतो, हे डोक्यात ठेवलं की “थोडंच जास्त वारं होतं” या वाक्यावरचा विश्वास उडतो.

ही ओढ सगळीकडे सारखी नसते. कोपरे आणि कडा यांवर ती मधल्या भागाच्या दुपटीपर्यंत जाते. पत्रा नेहमी कोपऱ्यातून सुटायला लागतो तो यामुळेच. एक कोपरा उचलला की वारा आत शिरतो आणि मग पुढचे स्क्रू एकामागून एक सुटत जातात.

स्क्रूपासून स्लॅबपर्यंत

ओढ पत्र्यावर येते, तिथून स्क्रूवर, स्क्रूकडून पाइपात, पाइपातून खांबात, खांबाकडून बेसप्लेटमध्ये, म्हणजे खांबाच्या तळाच्या जाड पट्टीत, आणि शेवटी स्लॅबमध्ये जाते. यातली जी जागा सर्वात कच्ची, तेवढीच शेडची ताकद. म्हणून जाड पाइप घेऊन स्क्रूवर काटकसर करणं, किंवा भारी स्क्रू लावून खांब कठड्यावर टेकवणं, दोन्ही वाया गेलेला खर्च.

पत्र्यापासून सुरुवात करू. ०.३५ मिमीचा पत्रा स्वस्त मिळतो, पण झोताझोतानं फडफडताना स्क्रूच्या डोक्याभोवती तोच आधी फाटतो. स्क्रू पाइपात घट्ट बसलेला आणि त्याच्या अंगावरून पत्रा निघून गेलेला, हे दृश्य वादळानंतर हमखास दिसतं. शेडसाठी ०.५० मिमी घ्या. आडवे पाइप मध्ये ४ फुटांवर चालतील, पण दोन्ही कडांना पहिलं अंतर दोन-अडीच फूटच ठेवा. पत्रा शेवटच्या पाइपाच्या पुढे ९ इंचांपेक्षा जास्त काढू नका. सावली वाढावी म्हणून दोन फूट पुढे काढलेली झालर म्हणजे वाऱ्याला दिलेली मूठच.

आडवे पाइप ४ फुटांवर आणि स्क्रू अडीच फुटांवर असतील, तर एका स्क्रूच्या वाट्याला १० चौरस फूट पत्रा येतो. ९० च्या वाऱ्यात ती ३५ किलो ओढ झाली, कडेला ७०. पाइप अडीच फुटांवर आणि स्क्रू फुटाफुटावर घेतले, तर कडेच्या स्क्रूवरही १८ किलोच्या वर जात नाही. स्क्रूची एक जादा पुडी फार महाग नसते. कडेच्या दोन पाइपांवर फुटाला एक आणि मधल्या पाइपांवर एक सोडून एक उंचवट्याला, असे स्क्रू मारून घ्या.

स्क्रू मारताना दोन चुका वारंवार होतात. पहिली, रबरी वॉशर पूर्ण चेपून बाहेर येईपर्यंत ड्रिल दाबून धरणं. असं वॉशर उन्हानं दोन वर्षांत तडकतं, पाणी झिरपतं, भोकाभोवती गंज धरतो. वॉशर जरासं फुगलेलं दिसलं की थांबायचं. दुसरी, १८ गेजचा म्हणजे सव्वा मिमीचा पाइप. इतक्या पातळ भिंतीत स्क्रूचा जेमतेम एखादा आटा बसतो. १४ गेज, म्हणजे २ मिमी, ही किमान जाडी. जुन्या शेडला जे-हूक, म्हणजे पाइपाला खालून अडकणारे वाकडे बोल्ट, असतील तर उत्तम, फक्त नट सैल झालेत का ते पाहा आणि डांबरी वॉशर बदला.

पाइपांचे सांधे पूर्ण वेल्डिंगचे हवेत. घाईत चार टाके मारून वरून रंग दिलेला सांधा खालून पाहिला की कळतो: टाक्यांच्या मध्ये फट दिसते आणि फटीतून तांबूस ओघळ आलेला असतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपावर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळून जातं, म्हणून सांध्यावर रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग, दोन्ही लागतात. खांब आणि आडवा पाइप यांच्यामध्ये दीड-दोन फुटांचे तिरके टेकू दोन्ही दिशांना द्या. टेकू नसेल तर शेड आधी झुलतं आणि प्रत्येक झोल्याबरोबर तळाचे बोल्ट ढिले होत जातात.

तळ: फास्टनर कोब्यात की स्लॅबमध्ये?

सर्वात जास्त शेडं इथं हरतात, आणि ते वरून दिसत नाही. आपल्या गच्चीवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, बहुधा तीन-चार इंचांचा. फॅब्रिकेटर बेसप्लेट ठेवतो, चार इंची फास्टनर (भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट) ठोकतो, नट आवळतो, हलवून दाखवतो. फास्टनर मात्र अख्खा कोब्यात असतो. कोबा पाणी अडवायला घातलेला आहे, खांब धरायला नाही. जोराची ओढ आली की फास्टनर विटेच्या तुकड्यासकट वर येतो आणि गळती सुरू होते ती वेगळी.

ओळखायची खूण सोपी आहे: ड्रिल चालू असताना भोकातून येणारी भुकटी बघा. ती लाल आहे तोवर तुम्ही विटेत आहात, राखाडी झाली की काँक्रीट लागलं. पकडीची खोली राखाडी भुकटीपासून मोजायची. ती किमान ८० मिमी हवी, पण स्लॅबच सव्वाशे मिमीचा असेल तर आरपार जाऊन चालत नाही. म्हणून खांब स्लॅबच्या मधोमध न ठेवता खालच्या बीमवर किंवा कॉलमवर आणा. घराचा नकाशा असेल तर तो काढा. नसेल तर खालच्या खोलीत बीम कुठून जातो ते पाहून भिंतीपासूनची मापं गच्चीवर उतरवा.

पक्कं काम असं: खांबाच्या जागी फूटभर चौकोनात कोबा काढायचा. स्लॅब घासून साफ करायचा. चार १० किंवा १२ मिमीच्या सळ्या केमिकल अँकरनं, म्हणजे भोकात भरायच्या चिकट केमिकलनं, बीममध्ये बसवायच्या आणि त्यांवर काँक्रीटचा ठोकळा कोब्याच्या वर चार इंच येईल एवढा ओतायचा. ठोकळ्यातूनच बेसप्लेटचे बोल्ट वर काढायचे. प्लेट १५० बाय १५० मिमी, ८ मिमी जाड. ठोकळा आणि कोबा यांच्या सांध्याला वॉटरप्रूफिंगचा वाटा, म्हणजे कोपरा भरणारी गोलाईदार पट्टी, फिरवायचा. केमिकल अँकर फसतो तो भुकटीमुळे. भोक पाडल्यावर ब्रश फिरवून हवेनं फुंकायचं, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. धुळीला चिकटलेलं केमिकल धुळीसकट बाहेर येतं. हे करताना कारागिराजवळ उभं राहणं वाईट दिसत असेल, तरी उभे राहा.

कठड्याला खांब बांधू नका. साडेचार इंची विटेच्या कठड्याला आडवा धक्का सहन होत नाही, शेड ओढलं गेलं की कठडा रस्त्यावर पडतो. उडालेल्या पत्र्यापेक्षा हे जास्त जीवघेणं.

भोक पाडायचंच नसेल तर वजनानं धरायचा मार्ग उरतो. रंगाची २० लिटरची बादली काँक्रीटनं भरली की ४८ किलो होते. चार बादल्या म्हणजे १९२ किलो, आणि आपल्याला २७० किलो हवेत, तेही कोपऱ्यांवरची जादा ओढ न धरता. त्यामुळे बादलीतले खांब हलक्या जाळीला ठीक, पत्र्याला नाही.

अंगणात खांब रोवायचा तर दीड बाय दीड फूट आणि ३ फूट खोल खड्ड्यात साडेचारशे किलो काँक्रीट बसतं, ते पुरेसं. अडचण काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हात भेगा पडून आकसते आणि उथळ खांबाला दरवर्षी थोडा थोडा वर ढकलते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. काँक्रीट जमिनीच्या वर दोन इंच आणून त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या, नाहीतर पाइप नेमका मातीच्या रेषेवर गंजून तुटतो.

अर्धवट बंद शेड

एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला उन्हासाठी बांधलेली ताडपत्री, बाकी दोन बाजू उघड्या. ही रचना पूर्ण उघड्या शेडपेक्षा वाईट. उघड्या बाजूनं शिरलेला वारा कोंडतो आणि छप्पर आतून वर ढकलतो, वरून ओढ चालूच असते. छत्री उलटी होते तशातला प्रकार. एक तर ताडपत्री झटकन गुंडाळता येईल अशी पट्ट्यांवर बांधा, किंवा पडदा आणि छप्पर यांच्यात फूटभर मोकळी जागा सोडा. दोन्ही केलं तर आणखी बरं.

पॉलीकार्बोनेटच्या पारदर्शक शीटचं दुखणं वेगळं. १० फुटी शीट थंडीच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत ७-८ मिमी वाढते. भोक स्क्रूइतकंच असेल तर वाढायला जागा न मिळाल्यानं तिथूनच चीर जाते आणि पुढच्या वाऱ्यात तुकडा निघतो. ६ मिमी स्क्रूला १० मिमीचं भोक आणि वर रुंद वॉशर लावा. यूव्ही थर (उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा) असलेली बाजू वर ठेवा, ती शीटवरच्या फिल्मवर छापलेली असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना स्वस्त फायबरच्या पातळ शीटबद्दल वेगळं सांगायला नको.

जाळी: काय तुटावं हे आधी ठरवा

शेडनेट वाऱ्याला वाट देते असा समज आहे. ५० टक्के सावलीची जाळी थोडीफार देते. ९० टक्क्यांची जाळी मात्र जवळपास शिडासारखीच वागते. तिला जाड नायलॉन दोरीनं चारही बाजूंनी पक्कं बांधलं की खांब किंवा कठडा सुटतो. जाळी काही शे रुपयांत नवी येते, कठडा येत नाही. म्हणून तीन बाजू पक्क्या बांधा आणि चौथी मुद्दाम कच्ची ठेवा: सुतळी किंवा बारीक केबल टाय. जोर वाढला की तीच बाजू आधी तुटते, जाळी निशाणासारखी फडकते आणि खांबांवरचा ताण उतरतो. नायलॉनची दोरी आणि केबल टाय आपल्या उन्हात एका वर्षात ठिसूळ होतात, म्हणून पाडव्याच्या आधी नव्या घाला. पक्क्या बाजूंच्या गाठीही एका ओढीत सुटणाऱ्या असाव्यात. ऐनवेळी विळा शोधत बसायला नको.

टाकी, दगड, कुंड्या

हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाची, तिला वारा हलवू शकत नाही. रिकामी टाकी पंचवीस-तीस किलोची. शहरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याच्या आदल्या दिवशी टाक्या रिकाम्याच असतात. टाकीवरून दोन आडव्या पट्ट्या किंवा गंज न धरणारी तार घेऊन ती खालच्या ओट्यात बसवलेल्या हुकांना बांधा. झाकणाला साखळी लावा. ओढ पाइपावर येऊ देऊ नका, टाकी सरकली की पहिला तुटतो तो तिचा जोड.

जुन्या पेठांत आणि वस्त्यांत पत्र्यावर दगड, टायर, विटा ठेवायची पद्धत आहे. ताशी ९० किमी वाऱ्यातल्या चौरस मीटरला ३८ किलो ओढीपुढे पाच किलोचा दगड काहीच धरत नाही, पण तोच खाली कुणाच्या डोक्यात पडू शकतो. स्क्रू मारणं शक्य नसेल तर पत्र्यावरून दोन-तीन ठिकाणी तार टाकून ती खालच्या वाशांना किंवा भिंतीतल्या हुकांना आवळा. वाळूची पोती ठेवायची तर दुहेरी पोत्यात आणि एकमेकांना बांधून. सिमेंटचं रिकामं पोतं एका उन्हाळ्यात विरतं आणि वाळू पन्हाळीत जाते. कठड्यावरच्या कुंड्या मार्च ते जून खालीच ठेवा.

पाणी आणि वीज

तासात ५० मिमी पाऊस झाला तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. वाऱ्यानं आलेला कडुलिंबाचा पाला आणि फाटकी पिशवी यांनी आउटलेट बुजलं आणि तीन इंच पाणी साचलं, तर ते सात टन वजन झालं. आउटलेटवर सपाट जाळी नको, ती एका पानानं बंद होते. घुमटासारखी उंच जाळी लावा. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा थेट आपल्या जिल्ह्यावरून गेला होता, म्हणून परतीच्या पावसाआधीही, म्हणजे नवरात्राच्या सुमारास, आउटलेट एकदा साफ करा.

शेडमध्ये पंखा-दिवा असेल तर त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि सांगाड्याला अर्थिंग हवंच. वायर पत्र्याच्या धारेवरून जाऊ देऊ नका. विजा चमकत असताना पत्र्याच्या शेडखाली थांबणं म्हणजे आडोसा नव्हे, घरात जा. खाली तुटून पडलेली तार दिसली तर जवळ न जाता १९१२ वर कळवा.

ढग दिसल्यावर

हवामान खात्याचा तीन तासांसाठीचा जिल्हावार इशारा आणि विजांसाठी ‘दामिनी’ अॅप, एवढं फोनमध्ये असलं की पुरे. आभाळ एका बाजूला काळं, वारा अचानक पडलेला आणि लांबवर धुळीची भिंत दिसली, की हातात मिनिटंच असतात. तेव्हा क्रम हा ठेवा. आधी ताडपत्री आणि पडदे गुंडाळा, जाळी सोडा. मग मोठी छत्री मिटून आडवी करून बांधा. खुर्च्या एकात एक घालून जिन्याच्या खोलीत न्या. झोपाळा वर अडकवा. वाळवण शेवटी. घरोघरी हा क्रम उलटा असतो आणि सांडगे वाचतात, जाळी कठडा घेऊन जाते.

वादळ गेल्यावर ओल्या पत्र्यावर चढू नका. दुसऱ्या दिवशी शिडीवरून कडेचे स्क्रू बघा. स्क्रूभोवतीचं भोक लांबट झालं असेल तर त्याच भोकात जाड स्क्रू ठोकून भागत नाही. शेजारच्या उंचवट्याला नवा स्क्रू घ्या आणि जुनं भोक रुंद वॉशर व सीलंटनं बंद करा. बेसप्लेटखाली केसाएवढी फट दिसली तर तो फास्टनर निघायला लागला आहे. तो पुन्हा आवळून उपयोग नाही, काढून जागा बदला. नुकसान झालं असेल तर आवराआवर करायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पंचनाम्याला आणि विम्याला दोन्हीकडे लागतात. घराच्या विम्यात शेडचा वेगळा उल्लेख आहे का, तेही पॉलिसी काढून आजच बघून ठेवा.